घराला नावं ठेवायची नाहीत

कोणीही यायचं नाही असं बारकीने निक्षून सांगितलं होतं, त्यामुळे सगळे आले.

अण्णाने दुकानाचा टेंपो अगदी फाटकाला टेकवून उभा केला. शेजारच्या सीटवरून आक्का उतरली. मागून, दोन पालथ्या खुर्च्या आणि एका बिनआरशाच्या ड्रेसिंग टेबलाच्या मधून अंग चोरत काका बाहेर आला. त्याने घराकडे एकवार बघितलं आणि सवयीप्रमाणे सुस्कारा सोडला.

"काका, आज सुस्कारा नको," अण्णाची मुलगी बारकी फाटकातूनच म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तुमचा सुस्कारा बोलतो."

ते खरं होतं. जुन्या फर्निचरचं दुकान निम्मंअधिक त्या सुस्काऱ्यावर उभं होतं. दादांनी, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांनी, खरेदीची शिस्तच तशी घालून दिली होती. वस्तू घ्यायची असली की तिच्याबद्दल चांगला शब्द म्हणून काढायचा नाही. थोरल्या आक्काने बोटाच्या पेराने लाकूड वाजवायचं आणि एकेक दोष मोठ्याने सांगायचा. धाकट्या काकाने मधेमधे सुस्कारा सोडायचा, आजाऱ्याला बघायला आल्यासारखा. आणि भाव अडला की मधल्या अण्णाने "चला" म्हणून दाराकडे निघायचं. सावकाश, मागे न बघता. विकणाऱ्याने पहिली हाक मारली की थांबायचं, पण वळायचं नाही. दुसऱ्या हाकेला वळायचं. तेच कपाट एकदा दुकानात आलं, की मग त्याच तोंडांनी त्याचे गोडवे गायला सगळे मोकळे.

दादांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिस्तीला मात्र कोणी हात लावला नव्हता. ती एकदाच फसली होती, पिवळ्या घराच्या वेळी, आणि तो विषय या कुटुंबात कोणी काढत नसे.

"आता नीट ऐका," बारकी म्हणाली. ती लॅबमध्ये लोकांचं रक्त घ्यायची, आणि सुई टोचण्याआधी ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात आता बोलत होती. "आज बँकेचा व्हॅल्युअर येतोय. आपण घराच्या मालकीणबाईंशी जी किंमत ठरवली ती बँक मानत नाही. हा माणूस घर बघून जी किंमत लावेल, तिच्या हिशोबाने बँक कर्ज देणार. त्याने कमी लावली तर कर्ज कमी. मग वरचे पैसे आमचे आम्ही घालायचे, आणि आमचे खिसे केव्हाच झटकून झालेत."

"घेताना भाव पडला म्हणून रडणारी या घराण्यात तू पहिलीच," आक्का म्हणाली.

"आत्या, भाव बँकेचा पडेल. बाई एक पैसा सोडणार नाहीत. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. कर्ज कमी पडलं तर घर गेलं."

"मग आम्ही काय करायचं?" अण्णाने विचारलं.

"काहीच नाही. टेंपोत बसा. आणि आत यायचंच असेल, तर घराला नावं ठेवायची नाहीत. एकसुद्धा नाही. आज आपण हे घर घेत नाही आहोत, विकतो आहोत, असं समजा."

तिघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिली. कल्पना डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग अण्णाचा चेहरा खुलला. विकायच्या तोंडाने बोलायला त्याला मनापासून आवडायचं.

आक्काचा चेहरा काही खुलला नाही. तिला एक गोष्ट मघापासून टोचत होती. घर ठरवताना बारकीने अण्णाला दाखवलं, काकाला दाखवलं, नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या मालकाला दाखवलं, पण आत्याला आणलं नाही. लहानपणी जिच्या कडेवरून ही मुलगी उतरत नव्हती, तिला घर बघायला आज मिळत होतं, तेही तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. तिला वाईट वाटलं होतं. पण बारकीने आणलं नाही ते का, हेही तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती रागावूही शकत नव्हती.

*

घराची मालकीण आयुष्यभर शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झाली होती. सगळे तिला शिवणबाईच म्हणत. नवरा गेल्यावर एकटीला घर आवरेना म्हणून ती बहिणीजवळ एका लहानशा जागेत राहायला जाणार होती. अंगाने अगदी ठेंगणी, आक्काएवढीच. तिने सगळ्यांना बसवलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

आक्काने इकडेतिकडे बघितलं. घर तिला आवडलं होतं.

हे फार वाईट लक्षण होतं. वस्तू जितकी जास्त आवडेल तितके तिच्या तोंडून दोष जास्त निघायचे, ही तिची जन्माची खोड. साध्या स्टुलाला ती एखादा टोमणा मारून सोडून देई. पण एकदा एक सुंदर लिहायचं टेबल समोर आलं, तेव्हा तिने इतकी नावं ठेवली होती की विकणाऱ्याने कंटाळून ते तिला फुकट देऊ केलं होतं. आता या भिंती, ही बुटकी दारं, उन्हाने पिवळसर झालेली फरशी बघून तिच्या जिभेच्या टोकाशी दोषांची रांग लागली. तिने रुमाल काढून तोंडावर धरला.

"सराव करून घेऊ," अण्णा हळू म्हणाला आणि उठून उभा राहिला. "वा. काय खोली आहे. हवा बघा, उजेड बघा. भिंती अशा की शेजाऱ्याचा खोकला ऐकू येणार नाही."

"मघाचं बरं होतं, की हे बरं?" बारकीच्या शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, म्हणजे जावयाने, विचारलं. तो बिचारा दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत हाच प्रश्न विचारायचा, आणि घरी आल्यावरही त्याची गाडी तिथेच अडकायची. भाजीत मीठ टाकतानाही तो बारकीला हेच विचारे.

"जावईबापू, ही सुरुवात आहे. काका, तू कर."

काकाने छाती भरून श्वास घेतला आणि समाधानाचा सुस्कारा सोडायचा प्रयत्न केला. ऐकणाऱ्याला वाटलं असतं की घरात कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय.

"राहू दे," बारकी म्हणाली.

"असं घर या बाजूला पुन्हा मिळायचं नाही," अण्णा रंगात आला होता. "देणारा वेडा म्हणून देतोय. माझ्या हातात असतं तर मी याच्या दीडपट—"

दारात शिवणबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"दीडपट?" ती म्हणाली.

तिने ट्रे खाली ठेवला आणि स्वतःच्याच भिंतीकडे नव्याने बघितलं.

"मला वाटायचं, जुनं घर आहे, मिळेल त्यात समाधान मानावं," ती सावकाश म्हणाली. "एवढं चांगलं आहे का ते? अजून सह्या व्हायच्यात. मी जरा विचार करते."

ती परत स्वयंपाकघरात गेली तशी बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. ती वडिलांकडे वळली. अण्णा पटकन खाली बसला आणि त्याने उगाच चहाचा कप हातात घेतला.

"आता व्हॅल्युअरला घर चांगलं वाटायला हवं, आणि बाईंना वाईट," जावई म्हणाला. त्याने पहिल्यांदाच प्रश्न न विचारता वाक्य पूर्ण केलं होतं.

सगळ्यांच्या माना एकदम आक्काकडे वळल्या. आक्काने रुमाल तोंडावरून काढला. सकाळपासून तिला कोणी काम सांगितलं नव्हतं.

"आत्या," बारकी म्हणाली, "तू स्वयंपाकघर सांभाळ. बाईंना बाहेर येऊ देऊ नकोस. आणि काय बोलायचं ते—"

"ते मला शिकवू नकोस," आक्का म्हणाली आणि पदर खोचून आत गेली.

*

व्हॅल्युअर वेळेवर आला. किडकिडीत, गळ्यात ओळखपत्र, हातात लाल ठिपका टाकणारं मोजायचं यंत्र. कोणी काहीही म्हटलं की तो "हं" म्हणायचा. त्या "हं"मधून बरं-वाईट काही म्हणता काही कळत नव्हतं.

"ही बैठकीची खोली," अण्णाने सुरुवात केली. "इथे उन्हाळ्यात पंखा लागत नाही."

"हं." लाल ठिपका भिंतीवरून सरकत गेला.

"आणि हिवाळ्यात ऊब."

"हं."

"पाहुणे आले की उठायचं नाव घेत नाहीत."

व्हॅल्युअरने यंत्रावरचा आकडा बघितला. तेवढ्यात काकाने, आपलाही हातभार लागावा म्हणून, समाधानाचा सुस्कारा सोडला.

"यांना बरं नाही का?" व्हॅल्युअरने विचारलं. "खिडकी उघडायची असेल तर उघडा."

"आनंद झालाय त्यांना," बारकी घाईने म्हणाली.

आत स्वयंपाकघरात आक्काचा हात वाजायला लागला होता. भिंत, ओटा, दार, सगळीकडे तिने बोटाचं पेर आपटून बघितलं. नळ ठिबकतोय. ओटा एका अंगाला उतरलाय. खिडकी उत्तरेकडे, म्हणजे दिवसभर दिवा. जितकं आवडत होतं तितकं तोंड सुटत होतं, आणि इथे तर तिला नळाचं ठिबकणंसुद्धा आवडलं होतं. शिवणबाई मान खाली घालून ऐकत होती.

"आणि हे कपाट," आक्का म्हणाली. भिंतीला लागून एक उंच लाकडी कपाट होतं, डावीकडे जरा कललेलं. "कोणी केलंय हे? दारं एकमेकांना भेटत नाहीत. दोन्ही बाजूंचे कोन वेगळे. आमच्या दुकानात असं आणलं तर आम्ही ते बंबात घालू."

"आमच्या ह्यांनी केलंय," शिवणबाई म्हणाली. "पोस्टात होते. हातोडी कधी धरली नव्हती. मला वरच्या फळ्यांना हात पुरत नाही म्हणून रजा घेऊन केलं त्यांनी."

आक्काचा हात कपाटाच्या दारावरच राहिला. आता माघार घ्यावी तर बारकीचं घर जाणार, पुढे बोलावं तर जीभ वळेना. काहीतरी करायचं म्हणून तिने ते दार उघडलं. आत एकावर एक फळ्या होत्या. तिने वर बघितलं, उगाच हात वर केला आणि तो सर्वांत वरच्या फळीला टेकला. टाचा जमिनीवरच होत्या. आयुष्यभर कपाटं घेणाऱ्या आणि विकणाऱ्या या बाईने घरात एक स्टूल कायमचं ठेवलेलं होतं, कारण सगळी कपाटं उंच माणसं करतात. तिने हात हळूच खाली घेतला आणि दार लावलं. ते नीट लागलं नाही.

"हे स्वयंपाकघर," दाराशी अण्णाचा आवाज आला, "म्हणजे उजेडाचं आगर."

"अंधारकोठडी," आक्काच्या तोंडून त्याच क्षणी निघून गेलं. तो शब्द मघापासून तिच्या जिभेवर तयारच होता.

व्हॅल्युअर दारात थांबला. त्याने अण्णाकडे बघितलं, मग आक्काकडे.

"बघणाऱ्याच्या डोळ्यांवर असतं," जावई घाईने म्हणाला. "एकाला इकडून उजेड दिसतो, दुसऱ्याला— तुम्हाला कसं दिसतंय? असं बरं, की असं?" आणि त्याने दिवा लावून बंद करून दाखवला.

"हं," व्हॅल्युअर म्हणाला.

मग धावपळ उडाली. व्हॅल्युअर आत आला म्हणून आक्का शिवणबाईला घेऊन बोळात गेली. व्हॅल्युअर बोळात आला म्हणून ती तिला न्हाणीघराकडे घेऊन गेली. घर लहान, माणसं फार. अण्णा एका दाराने स्तुती करत शिरायचा आणि त्याच वेळी आक्का दुसऱ्या दाराने नावं ठेवत बाहेर पडायची. मधे अडकलेला काका आपण कोणत्या बाजूला आहोत हे विसरून दोन्हीकडे सुस्कारे सोडत होता. न्हाणीघराशी तर अण्णा गडबडून म्हणाला, "पाइप जुने आहेत, पण गळती फार चांगली आहे."

शेवटी मागची खोली तेवढी राहिली, आणि तिथून पुढे जायला जागाच नव्हती, म्हणून सगळे तिथे एकत्र आले.

आक्काने खिडकी बघितली आणि ती तिथेच उभी राहिली. खिडकी मोठी होती आणि तिच्याखाली बसता येईल असा रुंद कट्टा होता. कट्ट्यावर शिवणयंत्राच्या पायांचे डाग होते. बाहेर मागच्या गल्लीतलं एक झाड आणि वाळत घातलेले कपडे दिसत होते.

पिवळ्या घराला अशीच खिडकी होती. तेव्हा ती शाळेत जाणारी मुलगी होती, आणि दादा घरात फिरून नावं ठेवत असताना ती त्या खिडकीत जाऊन बसली होती, हे माझं म्हणून. दादांनाही घर आवडलं होतं. म्हणून तर ते इतकं बोलले. मग भाव अडला, ते "चला" म्हणाले आणि तिचा हात धरून निघाले. सावकाश, मागे न बघता. आक्काने सगळा जीव कानांत आणला होता. फाटक आलं, मग कोपरा आला. कोपऱ्यावर दादांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, म्हणजे तेवढाच वेळ. हाक आली नाही. घरी दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत आई सामान बांधून बसली होती. तिने ते एकेक करून सोडलं. ती खोली अजून भाड्याचीच होती आणि आक्का अजून तिथेच राहत होती.

"ही खोली नकाशात नाही," व्हॅल्युअर म्हणाला.

त्याच्या हातात घराचा मंजूर नकाशा होता. घराबद्दल तो पहिल्यांदाच काही बोलला होता, त्यामुळे सगळे दचकले.

"आमच्या ह्यांनी नंतर बांधली," शिवणबाई म्हणाली. "माझ्या शिवणासाठी."

"परवानगीचा कागद?"

"तो त्यांना सुचला नसेल."

"मग ही खोली मला धरता येणार नाही."

"अहो, पण खोली आहे," अण्णा म्हणाला. "तुम्ही तिच्यात उभे आहात."

"उभा आहे. पण बँकेच्या दृष्टीने नाहीये." त्याने यंत्र खिशात घातलं. "बाकीचं घर ठीक आहे. या रस्त्यावर बाकीची घरं जशी विकली गेली तशी किंमत लागेल, ही खोली सोडून. नक्की आकडा बँक कळवेल. पण ठरलेल्या किमतीला पुरणार नाही, हे आताच सांगितलेलं बरं." दाराशी जाऊन तो थांबला. "आणि तुम्ही सगळे जे बोलत होता ना, ते लिहायला माझ्याकडे जागा नसते. नुसतं माप असतं. पण ऐकायला मजा आली."

*

तो गेल्यावर बैठकीच्या खोलीत सगळे बसले. चहाला साय धरली होती. बारकीने पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेतलेली टेप पर्समधून काढली आणि उगाच गुंडाळत बसली. लॅबमध्ये रक्त बघून लोक बेशुद्ध पडत तेव्हाही या मुलीचा चेहरा असा उतरत नसे.

अण्णाच्या डोक्यात मात्र चक्रं फिरायला लागली होती. "बाई," तो म्हणाला, आणि आवाज आता खरेदीचा होता. "बघा, तुमची ती खोली बेकायदा निघाली. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्याची बँक हेच म्हणणार. तेव्हा आता तुम्हीच उतरायला हवं."

"अण्णा, नको," बारकी म्हणाली.

"तू थांब. काका, बरोबर की नाही?"

काकाने सुस्कारा सोडला. या वेळी तो अगदी चपखल बसला.

"आत्ता बोलणं बरं, की उद्या?" जावयाने बारकीच्या कानात विचारलं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली.

शिवणबाई उभी राहिली. उभी राहूनही ती बसलेल्या अण्णाएवढीच होती.

"मी सकाळपासून ऐकतेय," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत माझं घर महाल असतं. आतल्या खोलीत कोठडी. साहेबांसमोर खोली आहे, माझ्यासमोर बेकायदा. आमच्या ह्यांनी हे घर बांधलं तेव्हा मला काय वाटलं ते मला माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं ते एकाने तरी खरं सांगा. नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला निरोप धाडते."

खरं काय वाटतं ते विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं, हे या कुटुंबाला कधी कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती.

"चला," अण्णा म्हणाला आणि उठला.

काका उठला. दोघं सावकाश दाराबाहेर पडले, मागे न बघता. जावईही उठून उभा राहिला, आणि आक्काने बघितलं, बारकीसुद्धा उठली. तिला जायचं नव्हतं. तिचा चेहरा खिडकीकडे होता आणि पाय दाराकडे. पण ती याच रक्ताची होती. उंबऱ्याशी पोचली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"मी जात नाही," आक्का म्हणाली.

बारकी उंबऱ्यावर थांबली.

"मी इथून उठणार नाही," आक्का खुर्चीचे हात धरून म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि ते तिला अजिबात आवडलं नव्हतं. "बाई, घर आवडलं आम्हाला. पोरगी सहा महिने दुसरं काही बोललेली नाही. आणि मला आत पाऊल टाकल्याबरोबर आवडलं. जे आवडतं त्यालाच मी नावं ठेवते, दुसरं काही मला येतच नाही. मघाशी जेवढं बोलले ना, तेवढं आवडलंय."

"फार बोललात," शिवणबाई म्हणाली.

"हो. फार आवडलंय."

शिवणबाई खाली बसली. "आणि कपाट?"

खोटं बोलायचं तर आता सोपं होतं. "कपाट वाकडंच आहे," आक्का म्हणाली. "ते मला सरळ म्हणता यायचं नाही. पण त्याच्या वरच्या फळीला माझा हात पुरला. टाचा न उचलता. माझ्यासाठी तसं कपाट आजवर कोणी केलेलं नाही, आणि मी कपाटांच्या दुकानात जन्म काढलाय."

शिवणबाईने पदराने नाक पुसलं. मग ती हसली, आणि मग पुन्हा नाक पुसलं.

"बँकेला जी खोली दिसत नाही, तिचे पैसे मागायला मलाही कसंसंच वाटतं," ती म्हणाली. "पण फुकट दिली तर ह्यांचे कष्ट वाया गेल्यासारखं होईल."

"फुकट कोण म्हणतंय," आक्का म्हणाली. आता ती जरा सावरली होती. "बहिणीकडची तुमची जागा रिकामी आहे ना? पलंग, टेबल, खुर्च्या, शिवणयंत्राला नीट स्टँड. जे लागेल ते आमच्या दुकानातून उचला. त्या खोलीच्या बदल्यात. सगळं बुटकं शोधून देते तुम्हाला."

"मी येऊन बघणार. आणि नावं ठेवणार."

"ठेवा."

"चांगली ठेवणार. आणि एक सांगते. कपाट तिथून हलवायचं नाही."

"ते हललं तर पडेल," आक्का म्हणाली, आणि आपण पुन्हा दोष काढला हे ध्यानात येऊन तिने जीभ चावली. पण शिवणबाई आता मोठ्याने हसत होती. बारकी धावत आली आणि आत्याच्या गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशीच, सगळा भार टाकून, आणि आक्काची पाठ लचकता लचकता राहिली.

"तुला आधी आणायला हवं होतं," बारकी म्हणाली.

"आधी आणलं असतंस तर मी घर मोडून ठेवलं असतं. आता सोड. बाप कुठे गेलाय तुझा?"

जावयाने खिडकीतून बघितलं. "टेंपोत नाहीत. कोपऱ्यापर्यंत चालत गेलेत दोघं. अण्णा वाकून काहीतरी करतायत."

आक्का फाटकात आली. अण्णा रस्त्याच्या कोपऱ्यावर खाली वाकला होता आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. तो तर पिवळ्या घराच्या वेळी जेमतेम चालायला लागला होता. हे त्याला कोणी शिकवलं असेल, याचा आक्काने विचार केला. काका शेजारी पाठमोरा उभा होता.

"अण्णा," तिने हाक मारली.

अण्णाचे हात नाडीवर थांबले. काका ताठ झाला. दोघंही वळले नाहीत.

आक्काला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. रस्त्यावरून जाणारी एक बाई तिच्याकडे बघायला लागली. तिने पदराने तोंड पुसलं, फाटक उघडून दोन पावलं पुढे गेली आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून घेतली. इतकी वर्षं जी हाक यायची राहिली होती ती कशी मारायची असते ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने ती आपली जमेल तशी मारली.

"अरे, वळा आता. मिळालं घर."